विश्रामबागेत राहतो, पण इथले झालो नाही

ताई, नमस्कार. आम्ही जूनमध्ये नागपूरहून सांगलीत आलो. माझी बँकेतली बदली. नवरा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. फ्लॅट विश्रामबागेत भाड्याने घेतला, कारण सगळ्यांनी सांगितलं की सांगलीत राहायचं तर तिथेच. भाग खरंच छान आहे. रुंद रस्ते, कॅफे, ब्रँडची दुकानं, जिम, सगळं हाताशी. पहिल्या तीन महिन्यांत रील्स बघून एकूण एक कॅफे पालथे घातले. आता पुढे काय, ते कळत नाही. जिन्यात भेटणारे विचारतात, गाव कुठलं, आडनाव काय, मूलबाळ किती, आणि उत्तर मिळालं की निघून जातात. गणपतीत मुलं वर्गणीला आली. पैसे दिले, पावती घेतली, दार लावलं. शनिवार-रविवारी कोल्हापूर नाहीतर पुणे गाठतो. नवऱ्याला बुद्धिबळाचा नाद आहे, पण खेळतो मोबाइलवर. तो म्हणतो, तीन वर्षांत पुन्हा बदली होणार, कशाला जीव लावायचा? मला मात्र रोज संध्याकाळी घरी येताना वाटतं, इथे आम्ही राहतो, पण इथले झालो नाही. संक्रांतीला हळदीकुंकू करायचं मनात आहे. पण बोलावू कुणाला? आणि कुणी आलंच नाही तर?

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

नमस्कार. सुरुवात त्या वर्गणीपासूनच करते. ती मुलं पैशासाठी आली होती हे खरं, पण तेवढ्यासाठीच नव्हे. वर्षातून एकदा गल्लीतली पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात, तेव्हा कुठल्या घरात कोण राहतं, नवीन कोण आलं, कुणाकडे म्हातारं माणूस एकटं आहे, हे सगळं त्यांना कळत असतं. पावती हातात आल्यावर तुम्ही "मंडळ कुठं आहे रे तुमचं? आरती किती वाजता?" एवढंच विचारलं असतंत, तर त्यातला एखादा "या की वैनी, आठला आरती असती" म्हणालाच असता. गेलेल्या गणपतीची हळहळ करू नका. शिवजयंतीला हीच पोरं पुन्हा तुमच्या दारात उभी असतील. तेव्हा दार लगेच लावू नका, आणि त्या संध्याकाळी दोघं मिळून मंडपात जाऊन या.

तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं, की भाग बघून घ्यायचं तुमचं काम झालेलं आहे. राहिलंय ते भागाने तुम्हाला बघायचं. त्यासाठी आणखी ठिकाणं शोधायची गरज नाही, उलट ठिकाणं कमी करायला हवीत. दोन-तीन जागा धरा आणि तिथे ठरल्या वारी, ठरल्या वेळी, कंटाळा न करता जात राहा. रोज नव्या जागी जाणारा माणूस कुणाच्याच लक्षात राहत नाही. माझा सल्ला मुळात एवढाच आहे. पुढे लिहिते ते तो विश्रामबागेत अमलात कसा आणायचा त्याबद्दल.

कॅफे सोडा असं मी म्हणणार नाही. एकच निवडा, घरून चालत जाता येईल असा, आणि दर बुधवारी, किंवा तुम्हाला सोयीच्या वारी, त्याच सुमाराला जा. काउंटरवरच्या मुलाला नाव विचारा, गाव विचारा. तो जतचा, आटपाडीचा नाहीतर कवठेमहांकाळचा निघाला तर नवल नाही. पलीकडच्या टेबलावर वह्या पसरून बसलेली पोरं वालचंद नाहीतर विलिंग्डन कॉलेजची असतील. तीही दोन-चार वर्षांसाठी आलेली, तुमच्यासारखीच घरापासून लांब. दिवाळीला गावी न गेलेल्या अशा दोघा-तिघांना घरी फराळाला बोलावलं तर ती पोरं जन्मभर विसरणार नाहीत.

आता विश्रामबागेत राहतं कोण, ते नीट समजून घ्या. कारण तिथेच तुमचा गैरसमज होतोय असं मला वाटतं. तुम्हाला वाटतं, सगळे मूळचे इथले आणि आम्ही तेवढे उपरे. तसं नाही. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची दोन वेगळी संस्थानं. 1801 साली सांगली मिरजेपासून फुटली, आणि दोन्ही गावांचा तोरा आजही वेगळा आहे. तुमचा भाग या दोन गावांच्या मधोमध. 1919 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढलं ते इथे, दोन्हीकडच्या मुलांना यायला बरं पडावं अशा जागी. 1947 मध्ये इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं, तेच आजचं वालचंद. पलीकडे वानलेसवाडी. मिरजेत 1894 मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं करणाऱ्या डॉ. वानलेस यांचं नाव त्या वस्तीला आहे. म्हणजे प्राध्यापक आले, डॉक्टर आले, त्यांच्या मागोमाग नोकरदार आले, निवृत्त झालेले आले. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली आणि दोन गावांच्या मधला हा भाग शहराच्या मध्यावर आला.

आणि आणखी एक मोठा लोंढा आला तो पाण्यामुळे. कृष्णेच्या काठावरचा गावभाग, कापडपेठ, मारुती रोड, शामरावनगर ही जुनी-नवी सांगली पुराच्या तडाख्यात सापडते. 2005, 2019, 2021, तीनदा लोकांनी घरातलं सामान माळ्यावर चढवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर ज्यांना जमलं त्यांनी उंचावर जागा बघितली, विश्रामबागेकडे, विजयनगरकडे. तुमच्या इमारतीत, जिन्यात थांबून गाव विचारणाऱ्यांपैकी एखादं कुटुंब गावभागातलं असण्याची बरीच शक्यता आहे. त्यांचा वाडा, त्यांचा किराणावाला, त्यांचा शिंपी, सराफ कट्ट्यावरचा त्यांचा सोनार अजून तिकडेच आहे. राहायला इथे, जीव तिथे. तुमच्या मनात जे चाललंय ते त्यांनाही ठाऊक आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून पुढच्या जुलैपासून एक गोष्ट करा. पाऊस लागला की सांगलीत एकच विचारपूस चालते: "पाणी किती फुटावर?" आयर्विन पूल 1929 सालचा, आणि या शहराचा पावसाळा त्याच्या पट्टीवर मोजला जातो. 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका पातळी. कोयना धरणातून पाणी किती सोडलं, वारणेतून किती, अलमट्टीचे दरवाजे किती उघडे, याची चर्चा किराणा दुकानात, रिक्षात, तुमच्या बँकेच्या रांगेतही होते. हा आकडा रोज बघत जा. 35 च्या वर गेला की शेजारच्या काकूंना विचारा, "गावभागातल्या घरी कोण आहे का तुमचं? सामान हलवायला माणसं लागतील का?" नवऱ्याची मोटारसायकल आणि दोन हात एवढी मदत पुरते. मोटार असेल तर उत्तमच. आणि पाहुणे वर आलेच, तर तुमची एक खोली रिकामी करून द्यायची तयारी ठेवा. अशा दिवसांत ज्याने दार उघडलं तो माणूस सांगलीकर कधी परका मानत नाही. आपुलकी दाखवण्यासाठी पूर यावा असं कुणीच म्हणणार नाही, पण तो आला तर तुम्ही फोनवर बातम्या बघत बसू नका.

शेजाराबद्दल अजून थोडं. विश्रामबागेत, नेमिनाथनगरच्या बाजूला, दिगंबर जैन घरं भरपूर आहेत. नागपूरकडे तुमचा अशा शेजाऱ्यांशी किती संबंध आला ते मला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवते. बऱ्याच घरांत सूर्यास्ताच्या आत जेवण उरकतात. साडेसात-आठला "जेवायला या" म्हटलंत तर ते हसून टाळतील आणि तुम्हाला वाटेल, यांना यायचंच नाही. दुपारी बोलवा, नाहीतर संध्याकाळी पाचला. घरचं काही नेऊन देणार असाल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, म्हणजे जमिनीखाली येणारं काहीच त्यात नको. चातुर्मासात पथ्यं आणखी वाढतात. सरळ विचारून घ्या, कुणाला राग येत नाही, उलट विचारलंत याचंच अप्रूप वाटतं. सगळीच घरं इतकी कडक नसतात, पण कुठलं घर किती कडक हे विचारल्याशिवाय कळत नाही. नागपूरला जाऊन याल तेव्हा संत्रा बर्फी आणा. तिच्यात वरच्यापैकी काहीच नसतं आणि इथल्या लोकांना तिची नवलाई आहे. चार घरी चार-चार वड्या, घरातल्या स्टीलच्या डब्यात घालून द्या, प्लास्टिकच्या खोक्यात नको. डबा परत द्यायला माणूस दारात येतो, आणि तो रिकामा येत नाही. तासगावचे बेदाणे असतील, नाहीतर भडंग. लसणाची फोडणी दिलेले तिखट चिरमुरे, वर शेंगदाणे, कढीपत्ता. तो डबा दारातच घेऊन "थँक्यू" म्हणू नका. आत बोलवा, चहा टाका.

भाजीचं ऐका. घरपोच मागवणं बंद करा, निदान भाजी तरी. दिवसभर बँकेत मान मोडून आल्यावर पिशवी घेऊन बाहेर पडायचा कंटाळा येतो, मान्य. पण आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी, रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एकाच मावशीकडे जा. सध्या वांग्यांचे दिवस आहेत, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव उगाच झालेलं नाही. तुम्ही एकेक वांगं उलटंसुलटं करायला लागलात की ती म्हणेल, "तसं न्हाई वैनी, देठ बघा. देठ हिरवा आन् काटा टोचला पायजे." बोटाला काटा टोचला की वांगं ताजं. भरल्या वांग्याला कुठलं घ्यायचं आणि भरताला कुठलं, हेही तीच सांगेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुम्ही यायच्या आधी तिने तुमच्यासाठी मेथीची जुडी पिशवीखाली सारून ठेवलेली असेल. आणि नागपूरला आठ दिवस जाऊन परत आलात की विचारेल, "गावाला गेलतासा काय? दिसला न्हाईसा." या शहरात तुमची गैरहजेरी कुणीतरी मोजली, याचं तुम्हाला जे बरं वाटेल ते कुठल्याच कॅफेत मिळत नाही. भाव करू नका असं मी सांगणार नाही, ती स्वतःच भाव करायची अपेक्षा धरून असते. पण पाच रुपयांसाठी पाठ फिरवून दुसरीकडे जाऊ नका.

आता ते प्रश्न. गाव कुठलं, आडनाव काय, मूलबाळ किती. तुम्हाला ते टोचतात, आणि काही बाबतीत टोचायलाच हवेत. आडनाव विचारण्यामागे जात चाचपून बघायची खोड असते हे आपण सगळे जाणतो. ती वाईटच आहे, आणि आडनाव सांगून तिथेच विषय संपवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मुलाबाळांचंही तसंच. "अजून नाही, झालं की पहिले पेढे तुम्हालाच" एवढं हसून म्हटलं की बहुतेक बायका पुढे जात नाहीत. जी जाते तिच्याशी जिन्यात घाईत असल्यासारखं वागा. पण "गाव कुठलं?" हा प्रश्न मात्र धरून ठेवा. विचारणारा त्यात धागा शोधत असतो: त्याची मावशी नागपूरला दिली असेल, भाचा तिकडे शिकत असेल. "नागपूर" एवढा एक शब्द टाकून तुम्ही गप्प बसलात तर त्याला पुढे काही सुचत नाही, आणि तो निघून जातो. म्हणून उत्तराला शेपूट जोडा. "नागपूर. तिथल्या महाल भागात माहेर आहे. आणि तुमचं मूळ गाव सांगलीच का?" मग बघा, पंधरा मिनिटं तुम्ही जिन्यातच उभ्या. बोलताना नागपुरी ढंग लपवू नका. "काय करून राहिले?" ऐकून इथे कुणी हसलं, तर ते तुमची थट्टा म्हणून नव्हे, कौतुकाने हसलेलं असतं.

शनिवार-रविवारचं पुणं-कोल्हापूर महिन्यातून एकदाच ठेवा. तुम्ही बँकेत आहात, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी, आणि सांगलीचा आठवडा बाजारही शनिवारचाच. सकाळी गाडी घरी ठेवून बसने नाहीतर शेअर रिक्षाने पेठेत उतरा. कापडपेठ, हरभट रोड, सराफ कट्टा हा सगळा भाग पायीच कळतो. विश्रामबागेची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला, सोनं घ्यायला, गणपतीला नवस बोलायला अजून इकडेच येतात. इकडचे रस्ते पायाखाली असल्याशिवाय तुमच्या शेजाऱ्यांचं निम्मं बोलणं तुम्हाला लागणार नाही. कृष्णाकाठचं गणपती मंदिर थोरल्या चिंतामणराव पटवर्धनांनी बांधलेलं. भाद्रपदात चतुर्थीच्या आधी, प्रतिपदेलाच, तिथे गाजावाजा न करता गणपती बसतो. लोक त्याला चोर गणपती म्हणतात. पुढच्या वर्षी तो बघायला शेजारणीला घेऊन जा. घाटावर निवांत बसा, पण पाण्यात उतरू नका. कृष्णेत मगरी आहेत, आणि ही ऐकीव गोष्ट नाही.

नगर वाचनालयाचं सभासदत्व घ्या. दीडशे वर्षांहून जुनं आहे. 2019 च्या पुरात त्याची हजारो पुस्तकं भिजून गेली, आणि ते पुन्हा उभं राहिलं ते वाचकांच्या जिवावर. असा एखादा नवा सभासद त्यांना हवाच असतो. 1843 साली विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाला सुरुवात करून दिली ती या गावात, त्यामुळे भावे नाट्यमंदिरात प्रयोग लागला की गावातलं जुनं प्रेक्षक मंडळ हटकून येतं. मध्यंतरात चहा घेताना अनोळखी माणूससुद्धा "कसं वाटलं?" म्हणून विचारतो. रविवारी सकाळी हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती हळद वर्षानुवर्षं टिकवायची ती हरिपूरच्या मातीतल्या पेवांत, जमिनीखाली. 2005 च्या पुराने त्यातली कितीतरी पेवं निकामी केली. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पेवाबद्दल विचारा आणि बसा ऐकत, तास जाईल. मिरजेला मिरासाहेब दर्ग्याच्या आसपास सतार आणि तंबोरे करणारी दुकानं आहेत, भोपळा तासण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं, म्हणजे तारेचा सूर झंकारता करण्यापर्यंतचं काम डोळ्यांदेखत चालतं. एका रविवारी एकच करा, सगळं एका दिवसात उरकू नका. कॅफेंच्या बाबतीत तीच घाई झाली.

तुमच्या नवऱ्याबद्दल मला तुमच्याहून जास्त काळजी वाटते. तुम्हाला निदान बँकेत दिवसाला पन्नास माणसं भेटतात. त्यांना भिंत आणि स्क्रीन. कामाच्या मध्ये एक ठरलेली वेळ काढून, समजा साडेचारला, खाली टपरीवर जाऊन चहा प्यायला सांगा. घरातला चहा तेवढ्या वेळेपुरता बंद. आणि बुद्धिबळाचा नाद असलेला माणूस सांगलीत येऊन मोबाइलवर खेळतो, याचं मला खरंच वाईट वाटलं. बुद्धिबळासाठी या गावाएवढं झिजलेलं गाव महाराष्ट्रात शोधावं लागेल. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि आयुष्यभर मुलामुलींना पटासमोर बसवलं. मंडळात चौकशी करा. तिथे दहा वर्षांच्या पोरीकडून हरल्यावर तिच्या वडिलांशी जी ओळख होते, ती पक्की असते.

बँकेतल्या ओळखीबद्दल मात्र सावध करते. खातेदार तुम्हाला रस्त्यात नमस्कार करतील, तो आनंदाने घ्या. पण कुणाच्या ठेवी किती, कुणाचं कर्ज थकलंय, याचा वासही घराबाहेर येता कामा नये. सांगली शहर दिसतं मोठं, पण बोलणं एका दिवसात फिरतं. "मॅडम, आमच्या पोराच्या कर्जाचं तेवढं बघा" म्हणत कुणी घरी आलंच, तर चहा द्या आणि "उद्या शाखेत या, कागद बघू" म्हणा. हे पहिल्यापासून ठरवून ठेवलंत तर लोकांचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो, कमी होत नाही.

आणि ती तीन वर्षं. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटत नाही. बदलीची नोकरी करणाऱ्याने प्रत्येक गावी जीव आखडून ठेवला तर निवृत्तीपर्यंत सगळं आयुष्यच आखडलेलं जाईल. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे, तीन गणपती, वांग्यांचे तीन हंगाम. पुढे बदली झाली तर झाली. सांगलीहून गेलेल्या बदलीवाल्यांच्या घरी इथली माणसं हळद, बेदाणे पोचवत राहतात, लग्नाच्या पत्रिका पाठवतात. तुमच्या तोंडूनच नवऱ्याला एकदा सांगून बघा, की तुम्हाला इथे एकटं वाटतं. पत्रात तुम्ही ते मला लिहिलंत. त्यांना स्पष्ट सांगितलंय असं मला दिसलं नाही.

हळदीकुंकू जरूर करा. संक्रांत ते रथसप्तमी मुभा असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्याची घाई नको. त्या आठवड्यात बायकांना पाच-पाच घरी जायचं असतं. पुढचा एखादा रविवार धरा. निमंत्रण मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका. आधी दोन दिवस इमारतीतल्या प्रत्येक दारात जा, हातात कुंकवाचा करंडा घेऊन. बारा दारं असतील तर बाराही. ज्यांच्याशी कधी बोलला नाहीत, तिथेही. भाजीवाल्या मावशीला सांगा, घरकामाच्या ताईंना सांगा, बँकेतल्या सहकाऱ्यांना सांगा. वेळ साडेचार ते सात द्या; जानेवारीत इथे सव्वासहाच्या सुमाराला दिवस मावळतो, म्हणजे जैन शेजारणींना येऊन, खाऊन, वेळेत घरी परतता येईल. खायला कांदा-लसूण-बटाटा नसलेलं काहीतरी ठेवा, मटार करंजी चालेल, मसाले दूध चालेल.

नवरा गेलेल्या बायकांना वगळू नका, ही माझी आग्रहाची विनंती. सांगलीपासून जवळच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. इतक्या जवळचं गाव हे करू शकतं तर तुमच्या घरात अडचण कसली? वरच्या मजल्यावरच्या आजींना दारात जाऊन वेगळं सांगा, "तुम्ही यायचंच, मी न्यायला येते." आणि खरोखर न्यायला जा. त्या आल्या की हळदीकुंकवाचं बोट पुढे करण्याआधी त्यांची इच्छा विचारा. नको म्हणाल्या तर अत्तर लावा, तिळगूळ द्या, वाण सगळ्यांना सारखंच.

कुणी आलंच नाही तर, असं विचारलंत. बारा दारांत स्वतः जाऊन सांगितल्यावर चार-पाच घरं येतातच. पहिल्या वर्षी चार पुरेत, चौघींशी नीट बसून बोलता येतं. वाणं वीस आणू नका, दहा आणा. उरले तर जी आली नाही तिच्याकडे दुसऱ्या दिवशी वाण घेऊन जा, "तुमचं राहिलं होतं" म्हणा. वाण काय द्यायचं हे विचाराल तर हरिपूरच्या रविवारीच सोय करून ठेवा. अख्खं हळकुंड आणि पाव किलो हळद, कापडी पिशवीत.